साहेबाचा वाण

“उकळी आली का गं?” मामंजींनी ओसरीवरून विचारलं.

“मघाशीच आली,” मी चुलीपुढून म्हटलं.

“मग ऱ्हाऊ दे आजून. बलक पार घट्ट झाला पायजे.”

ओसरीवर तलाठी भाऊसाहेब बसले होते. त्यांच्या पोरांना दाखवायला त्यांनी दोन हिरवी अंडी मागितली होती आणि मामंजींनी मोठ्या मनानं हो म्हटलं होतं. भाऊसाहेबांना वाटत होतं, अंडी फडक्यात गुंडाळून मिळतील. आमच्या घरचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. या घरातून अंडं बाहेर जाईल ते उकडूनच, मग मागणारा तलाठी असो नाहीतर प्रत्यक्ष जावई. आणि उकडायचं काम माझं, म्हणजे घरच्या सुनेचं.

आता आमच्या गावात निळ्या अंड्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. कुणाच्याही खुराड्यात हात घाला, एखादं तरी सापडतंच. पण मी सांगतेय ते माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षाचं. तेव्हा तसलं अंडं सगळ्या तालुक्यात फक्त आमच्या घरी होतं आणि ते तसंच राहावं म्हणून मामंजी, म्हणजे माझे सासरे हिंदुराव, जिवाचं रान करत होते.

मामंजी एसटीत ड्रायव्हर होते. पाचगणीच्या गाडीवर असताना तिथल्या एका पारशी बाईंची औषधं ते साताऱ्याहून नेऊन द्यायचे. मामंजी रिटायर झाले तेव्हा त्या खोर्शेदबाईंनी त्यांना एक कोंबडा दिला आणि एक अंडं दिलं. अंडं निळं होतं. निळीच्या पाण्यातून काढलेल्या पांढऱ्या धोतराला उन्हात जी झाक येते ना, तसलं निळं. त्या अंड्याला टाचणीनं भोक पाडून मामंजींनी आतलं सगळं काढून टाकलं आणि कवच कापसावर ठेवून काचेच्या पेल्यात देवळीत ठेवलं. कोंबड्याचं नाव त्यांनी साहेब ठेवलं. दिसायला साहेब गावातल्या कुठल्याही कोंबड्यासारखाच होता, तुरा तेवढा बसका. पण त्याच्या लेकी निळी अंडी घालणार, असं बाईंनी सांगितलं होतं.

गावरान कोंबड्यांपासून साहेबाला ज्या लेकी झाल्या त्यांनी घातली हिरवट अंडी. शेवाळावर चुना उडाल्यासारखी. गाव ती बघायला लोटलं, पण मामंजींचं समाधान होईना. रोज पहिलं अंडं घेऊन ते देवळीपाशी जायचे, पेल्यातल्या कवचाशेजारी धरायचे आणि म्हणायचे, “आजून हिरवं मारतंय.” मग त्या लेकींची पिल्लं काढ, त्यातली निवड, पुन्हा अंडी बघ. साहेबाला त्यांनी कधी खुराड्याबाहेर सोडलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या पायात काळा दोरा बांधला होता. माझ्या नवऱ्याची फौजेतली बदली कुठं झाली हे त्यांच्या ध्यानात राहायचं नाही, पण कुठली तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी, कुणाच्या पोटची, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे.

लोक अंडी उबवायला मागू नयेत म्हणून त्यांनी आणखी एक शक्कल काढली होती. कुणी विचारलं की ते गंभीर चेहरा करून सांगायचे, “कोंबड्यात काय न्हाई ओ. सगळी करामत पाण्यात हाय. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजायचं अन् शेवग्याचा पाला चारायचा. अंडं आपोआप रंगतंय.” तेवढ्यावर गावातली निम्मी तांब्याची घंगाळं माळ्यावरून खाली आली. दोन महिने सगळ्या गावच्या कोंबड्या राजेशाही थाटात पाणी पीत होत्या आणि अंडी घालत होत्या ती पहिल्यासारखीच.

आमच्या परड्याच्या मधोमध एक भिंत होती. माणसाच्या छातीइतकी उंच. पलीकडं मामंजींचे धाकटे भाऊ जयसिंग राहायचे. त्यांना सगळं गाव बापू म्हणायचं. त्यांची बायको हौसाकाकी. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. लग्न होऊन मी आले तेव्हा मामंजींनीच मला बजावलं होतं, “पलीकडं जायचं न्हाई. तुझ्या सासूचं अन् हौसाचं पटत न्हाई. बायकांची भांडणं, म्हणून भिंत घालावी लागली.” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मीही कधी विचारलं नाही. जावा म्हटल्या की पटत नाही, एवढं मलाही माहेरून शिकवलेलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी दूध घालायला डेअरीवर गेले. मामंजी सकाळची पहिली किटली रिकामी करून तिथं आधीच गप्पा छाटत बसलेले. तेवढ्यात बापू आले. त्यांनी भावाकडं पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढला, सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवला आणि एकेक टोक सावकाश उलगडलं.

आत अंडं होतं. निळं. हिरवट नाही, शेवाळी नाही. देवळीतल्या कवचासारखं निळं.

“रंग दिलाय,” कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरीनं अंगठा थुंकीत भिजवून अंडं घासलं, नखानं खरवडलं. निळं ते निळंच.

“आमच्या तलंगीनं काल पहिलं अंडं घातलं,” बापू सेक्रेटरीला म्हणाले, पण आवाज सगळ्यांना पुरेल असा. “तांब्याचं पाणी पाजलं बघा. आमच्या थोरल्या बंधूंनी गावाला शिकवलंय, त्याचा गुण.”

मी मामंजींकडं पाहिलं.  चोरी म्हणावं, तर रंग रक्तातून येतो हे कबूल करावं लागणार, म्हणजे तांब्याच्या पाण्याची थाप उघडी पडणार. आणि थाप सांभाळावी, तर बापूंचं अभिनंदन करावं लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी ते उठले, दुधाची रिकामी किटली तिथंच विसरले आणि घरी निघाले. किटली मी आणली.

घरी येऊन ते थेट देवळीपाशी गेले. पेला हातात घेतला, कवचाकडं बघत राहिले.

“तंतोतंत,” ते म्हणाले. “मी तीन पिढ्या काढल्या. अन् त्यो रंग पलीकडच्या खुराड्यात उगवला.”

मग ते माझ्याकडं वळले.

“त्या तलंगीत साहेबाचं रगत हाय. साहेब कधी भाईर गेला न्हाई. म्हंजी आपलं कच्चं अंडं पलीकडं गेलं. अंडी उकडतं कोण?”

“मी,” मी म्हटलं. “पण मी दिलं नाही, मामंजी.”

“मग अंड्याला पाय फुटलं व्हय?”

“पोरगी न्हाई म्हणतीया न्हवं,” आत्याबाई चुलीपासून म्हणाल्या.

“मग कोण? तू देणार हौसाला? तुझं तर तिचं नाव काढलं तरी पित्त खवळतंय.” आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मामंजींनी निकाल दिला. “हिच्या वडलांना निरोप धाडतो. रविवारी येऊ द्यात. त्यांनाच सांगतो, तुमची लेक घरातलं बी भाईर वाटती.”

 आमचे तात्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाडीला मुठीएवढाही फरक पडू दिला नाही, असं लोक त्यांच्याबद्दल बोलायचे. त्यांना बोलावून ओसरीवर बसवायचं आणि सांगायचं की तुमच्या लेकीच्या हाताला सवय वाईट आहे! नवरा सरहद्दीवर, पत्र पोचायला पंधरवडा. माझ्या बाजूनं बोलणारं त्या घरात कुणी नाही असं मला वाटलं आणि मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडले. म्हैस बिचारी रवंथ करत उभी राहिली.

शनिवारी दुपारी मामंजींनी मला हळूच हाक मारली. आवाजात साय होती.

“पोरी, एक काम कर. त्या तलंगीचं एक अंडं घिऊन ये. कच्चं. आपली काळी कोंबडी खुडूक होऊन बसलीया, तिच्याखाली ठेवतो. तुला वाट ठाऊकच हाय.”

“मला वाट ठाऊक नाही, मामंजी.”

“बरं, नसंल ठाऊक. पर आणलंस तर वडलांफुडं एक शबुद काढायचो न्हाई.”

गेले तर चोर ठरणार, नाही गेले तर ठरलेलीच होते. मी आत्याबाईंकडं पाहिलं.

“जा की,” त्या म्हणाल्या. “सासऱ्याचा शबुद मोडू नये. पर मागून आण, उचलून नगं. आत्ताच जाऊ नको, वाईच दम धर. एवढं पीठ मळ, मग जा.”

मी पीठ मळलं. तेवढ्या वेळात आत्याबाई राख टाकायला उकिरड्याकडं जाऊन आल्या. मग मी गेले.

हौसाकाकी दारातच उभ्या होत्या. बारकी, चटपटीत बाई. “आलीस व्हय? ये. बस तितं पाटावर. तलंग आत्ताच बसलीया घालाय.”

मी बसले. चुलीवर एक झाकलेलं पातेलं होतं. काकी पाठमोऱ्या होऊन काहीतरी खुडबुड करत होत्या आणि माझी नजर फळीवर फिरत होती. तिथं मिठाचं भांडं होतं. स्टीलचं, कडांना नक्षी असलेलं. आणि त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, ‘चि. सौ. का. विजयमाला’. माझ्या मामानं लग्नात दिलेलं भांडं. शिमग्यापासून ते सापडत नव्हतं आणि मी दोनदा सगळं घर पालथं घातलं होतं.

तेव्हा मला शिमग्याचा तो दिवस आठवला. आत्याबाईंच्या माहेरी अंडी पाठवायची म्हणून त्या म्हणाल्या होत्या, “आज मी उकडते. तू गिरणीवरनं दळण आण.” दळण घेऊन मी परत आले तेव्हा पातेलं कोरडं होतं. मला वाटलं, सासूबाईंचा हात फार स्वच्छ.

“काकी, ते भांडं…”

“मिठाचं? लई दिसाचं हाय आमच्यात,” काकी म्हणाल्या आणि त्याच्यापुढं डबा सरकवला. “काय तरी नाव हाय त्याच्यावर. मला कुठं वाचता येतंय?”

आता हे जर मामंजींनी पाहिलं असतं, तर माझी बाजू ब्रह्मदेवालासुद्धा मांडता आली नसती. भांडं माझं, नाव माझं, जागा काकींची फळी. मी तोंड बंद ठेवलं. काकी मागच्या दारानं गेल्या, आल्या आणि त्यांनी माझ्या तळहातावर अंडं ठेवलं.

“ने. आत्ताच घातलंय. ऊन ऊन हाय बघ.”

खरंच ऊन होतं. पदराखाली झाकून मी ते घरी आणलं. मामंजींनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, कोळशानं त्याच्यावर बारीक फुली काढली आणि काळीच्या पोटाखाली सरकवलं. रात्री जेवताना त्यांनी माझ्या भाजीचं कौतुक केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी तात्या आले. इस्त्रीचा सदरा, हातात केळ्यांची पिशवी. ओसरीवर बसले, पण भिंतीला पाठ टेकेनात. मी पाणी दिलं तर माझ्याकडं न बघता घेतलं. व्याह्यांनी असं मध्येच बोलावणं पाठवलं की लेकीच्या बापाला रात्रभर झोप लागत नाही.

“निरोप मिळाला, पाव्हणं,” ते म्हणाले. “पोरीचं काय चुकलं का?”

मामंजी तर निरोपाचं विसरूनच गेले होते. “चुकायचं काय त्यात? पोरगी सोनं हाय. ते ऱ्हाऊ द्या, तुमाला एक गंमत दावतो.” ते लगबगीनं खुराड्यात गेले, काळीच्या टोचा खात अंडं काढलं आणि तात्यांच्या हातात दिलं. “बघा. सबंध जिल्ह्यात असा रंग न्हाई. आपल्या साहेबाचा वाण. आता ह्याच्यातनं पिल्लू निघंल.”

तात्या आधीच घाबरलेले. त्यांनी अंडं घेतलं, उजेडात धरायला हात उचलला आणि ते बोटांतून निसटलं.

टप्प.

ओसरीच्या फरशीवर अंडं पडलं, तडकलं आणि तसंच राहिलं. सांडलं नाही, पसरलं नाही. कवचाच्या फटीतून आतला पांढरा भाग गुळगुळीत, घट्ट दिसत होता. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत राहिलो. तात्यांनी वाकून बोटानं दाबून पाहिलं. वजनकाट्यावरचा माणूस, खोटं बोलायची सवय नाही.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “ह्ये तर उकडल्यालं हाय.”

“काय?” मामंजी असे ओरडले की परड्यातल्या कोंबड्या गप्प झाल्या. “उकडल्यालं?”

 मग भिंतीपलीकडून आवाज आला, “दादा, मीठ देऊ का?”

बापू भावाशी बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामंजींनीही बहुतेक भिंत घातल्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं. ते तांबडेलाल झाले आणि बोलायला कुणीतरी हवं म्हणून माझ्याकडं वळले.

“तू! तू उकडून आणलंस?”

तात्या उभे राहिले.  आणि त्याच वेळी आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“तिला काय बोलू नगा,” त्या म्हणाल्या. “कच्ची अंडी मी दिली. अन् उकडल्यालं बी मीच मागवलं.”

“तू? हौसाला?”

“मानमोडीच्या रोगात तिच्या समद्या कोंबड्या गेल्या. एकच ऱ्हायली, ती बी खुडूक झाली. पोटाखाली अंडं न्हाई, तर बटाट्यावर बसली हुती बिचारी. हौसा नदीवर सांगत हुती अन् डोळं पुसत हुती. माझी आई म्हणायची, खुडूक कोंबडीला न्हाई म्हणू नये. मग मी दिली. हिच्याच भांड्यातनं दिली.”

“म्हंजी तू तिच्याशी बोलतीस?”

“मी बोलायची थांबले कवा?” आत्याबाईंनी शांतपणे विचारलं. “भाचीच्या लग्नात पैला फेटा भावजींना बांधला, म्हणून तुमी न जेवता ताटावरनं उठलासा. फेटा तुमचा, राग तुमचा, भिंत तुमची. अन् गावात सांगितलंसा काय? बायकांचं पटत न्हाई! मी ऐकून घेतलं. हौसानं ऐकून घेतलं. म्हटलं, जाऊ द्या, पुरुष माणसाची अब्रू. पर आता ह्या पोरीच्या माथ्यावर ठेवाय निघाला, तिच्या बापाला बोलावलंसा. तवा म्हटलं, बास झालं.”

तात्या आढ्याकडं बघायला लागले. त्या आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि इतके दिवस आपल्या बाजूनं कुणी नाही असं मी ज्या घरात समजत होते, तिथल्या चुलीपाशी माझ्यासाठी एवढं शिजत होतं याची मला लाज वाटली.

 मग मामंजींनी वाकून अंडं उचललं, धुळीचं कवच धोतराला पुसलं आणि परड्यात उतरून भिंतीपाशी गेले. पलीकडं बापू उभे होते, हसू दाबून दाबून गाल फुगलेले. त्यांच्यामागं हौसाकाकी माझ्या नावाचं भांडं घेऊन उभ्या. बापूंनी त्यातून चिमूटभर मीठ घेतलं. मामंजींनी हात पुढं केला.

“आवं, हातावर घिऊ नगा!” आत्याबाई ओसरीवरून ओरडल्या. “हातावर मीठ घेतलं की भांडाण हुतं!”

“आता आणखी काय व्हायचं ऱ्हायलंय?” मामंजी म्हणाले आणि तळहात उघडा धरला.

बापूंनी मीठ ठेवलं. मामंजी तिथंच उभ्या उभ्या अंडं सोलू लागले. निळी टरफलं भिंतीच्या दोन्ही अंगांना पडत होती. अंडं सोलून झाल्यावर त्यांनी ते दोन बोटांनी फोडलं, आतला गोल बलक अलगद मोकळा केला, मिठात लोळवला आणि भिंतीवरून पलीकडं धरला.

“धर. तू खा. लहानपणी ह्याच्यासाठीच रडून घर डोक्यावर घ्यायचास.”

बापूंनी घेतला. खरं तर तो एका घासाचा, पण त्यांना गिळायला बराच वेळ लागला. डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते त्यांनी बलकावर ढकललं.

“लई घट्ट झालाय, दादा.”

“घट्टच लागतो,” मामंजी म्हणाले. “आमच्या घरचा नियमच हाय त्यो.”